ओटीपी लेकीच्या नंबरावर

गाडीचा गिअरबॉक्स खरखरायला लागला, म्हणून मी ती वर्कशॉपमध्ये नेली. काउंटरवरच्या बाईंनी कागद चाळले. "काका, वाढीव वॉरंटी आहे, काम त्यात बसतंय. पण मंजुरीचा ओटीपी वॉरंटी घेणाऱ्याच्या नंबरावर गेलाय."

वॉरंटी माझ्या लेकीने घेतली होती. हट्टाला पेटून मी तिच्या लग्नाला गेलो नाही, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. आकडे दहा मिनिटांत द्यायचे होते, म्हणून मी फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

"बाबा? गाडी ठोकलीत का?"

"नाही गं. गिअरबॉक्स गेलाय."

"अजून क्लचवर पाय ठेवूनच चालवता ना?"

"हळू बोल! इथे ऐकलं तर वॉरंटी नाकारतील."

ती हसली. त्या हसण्यासाठी माझे कान आसुसले होते. तिने एकेक आकडा सांगितला. शेवटचा नीट ऐकू आला होता, तरी मी पुन्हा विचारला.

"सहा, बाबा, सहा! गुडघा कसा आहे?"

"आहे जागेवर."

"बरं, ठेवते. मीटिंग आहे."

मंजुरी आली. बाई म्हणाल्या, "काका, दर वेळी ताईंना कशाला त्रास? तुमचाच नंबर टाकू का?"

"नको, तोच राहू द्या," मी म्हणालो. "आणि ही वॉरंटी आणखी वाढवता येते का?"