माझ्यावर नंबर टाकू नका

मी हातोडा बोलतोय. आवाज जरा खणखणीत आहे, कानाला लागला तर लागू द्या. गुळमुळीत बोलणं माझ्या पोलादात नाही.

वरोऱ्याच्या लच्छू लोहाराने ट्रकच्या तुटक्या पाट्यातून मला घडवलं. एका बाजूला चौकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला चोच, आणि दांडा धावड्याच्या चिवट लाकडाचा. घडवून घेणारे होते गुणवंतराव निमगडे, सरकारी भूवैज्ञानिक. सरकारी हातोड्याने पहिल्याच टेकडीवर मान टाकली, म्हणून माझा जन्म झाला. पुढे आम्ही दोघांनी चांद्यापासून सिरोंच्यापर्यंतचं रान पालथं घातलं. दगड मी फोडायचा आणि आत काय आहे ते त्यांनी भिंगातून पाहायचं, अशी आमची वाटणी होती.

चौऱ्याऐंशी साली ते निवृत्त झाले. शाल मिळाली, हार मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणी विचारेना. मलाही. सुगंधाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला स्वयंपाकघरात नेलं आणि चारोळ्या काढायला चाराच्या बिया फोडायला लावलं. डोंगर फोडणारा मी! लाजेने मेल्याहून मेलो.

एक दिवस गुणवंतरावांनी मला उचलून पिशवीत टाकलं. "अवं, मी कालेजात शिकवाले चाललो."

"या वयात? अन् मी चारोळ्या कशानं फोडू?"

"वरवंट्यानं फोड. याले घरी बसवलं तं हा गंजन. मी बी गंजन."

नोकरी लागण्यापूर्वी याच चंद्रपूरच्या कॉलेजात त्यांनी भूगर्भशास्त्र शिकवलं होतं. आता प्राचार्यांनी बिनपगारी एक वर्ष दिलं. अट एकच होती: निकाल घसरला की निमगडे सरांनी घरी बसायचं. विभागप्रमुख वैरागडे सरांचा निकाल कधीच घसरत नसे, हे त्यांना दोनदा ऐकवण्यात आलं.

का घसरत नव्हता, ते पहिल्याच दिवशी कळलं. प्रयोगशाळेत ट्रे मांडलेले होते. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. गुणवंतरावांनी नंबरावर अंगठा ठेवून एक दगड वर धरला. पोरं मान वाकडी करून नंबर शोधू लागली. अंगठा काढला मात्र, वर्ग एका सुरात ओरडला, "सात नंबर! वालुकाश्म!"

मग त्यांनी नंबर खरवडून काढले. तरी माजरीची कांता फटाफट नावं सांगत गेली. ती शेवटच्या वर्षाच्या त्या वर्गात सगळ्यांत हुशार, वडील कोळशाच्या खाणीत. गुणवंतरावांनी विचारलं, "कसं ओळखलं?"

"कोपरा उडालेला हाय तो चुनखडी, सर. अन् बैलाच्या तोंडावानी दिसते तो ग्रॅनाइट." वर्षानुवर्षं मोठी भावंडं धाकट्यांना हीच विद्या देत आली होती.

गुणवंतरावांनी मला हातात घेतलं. मला त्यांचा हात कळतो, तो रागावला होता. ठण्! चुनखडी फुटली. ठण्! बैलाचं तोंड गेलं. एकामागून एक सगळा ट्रे आम्ही फोडला. खोटं कशाला बोलू, मजा आली मला.

"सर, आमची परीक्षा फोडली तुमी!" कांता रडायलाच लागली.

"परीक्षा नाई, बाई. पाठांतर फोडलं. आता दगड शिकू."

वैरागडे सर धावत आले. त्यांनी नवखे असताना हौसेने जमवलेले दगड होते ते. तुकडे गोळा करताना त्यांचा चेहरा पाहवेना, एवढं मी मानतो. पण फोडल्याचं मला आजही दुःख नाही. प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. "आता पोरं नापास झाली तर जबाबदारी तुमची," एवढंच प्राचार्य म्हणाले.

रविवारी गुणवंतराव सगळ्यांना घेऊन माजरीला गेले. खाणीच्या ढिगाऱ्यावर त्यांनी मला कांताच्या हाती दिलं. पहिला घाव तिच्या नखावर बसला. दुसऱ्याने काळा पापुद्र्यांचा दगड उघडला आणि आत शिरांसकट एक लांबट पान निघालं, डायनोसोरांच्याही आधीचं.

"सर, हा तं आमच्या कोळशात येते! जळत नाई म्हणून माय रोज फेकून देते!"

"तुझ्या मायनं किती जंगल फेकलं असन, पाह्य आता."

त्या दिवसापासून तिने मला सोडलं नाही.

परीक्षेच्या दिवशी वैरागडे सरांनी मला कपाटात कुलूपबंद केलं. गुणवंतरावांना आत यायची परवानगी नव्हती, ते बाहेर कडुनिंबाखाली बसले. नागपूरच्या परीक्षकांनी आपल्याच पेटीतले दगड मांडले. त्यांवर नंबर नव्हते. कपाटात माझा जीव टांगणीला लागला.

कांताचा आवाज आला, "वरून तांबडा दिसून राह्यला, सर. पण हे रूप उन्हापावसाचं हाय. फोडून पाहा लागन. हातोडा द्या."

"परीक्षेत कोणी दगड फोडतं का?" वैरागडे सर.

"मग कुठे फोडतात?" परीक्षक म्हणाले. "द्या."

कुलूप निघालं. एक घाव, दोन तुकडे. आत काळाकुट्ट बसाल्ट. तिने ठणकावून नाव सांगितलं आणि कारणही सांगितलं. मग एकेकाने मला मागून घेतलं. तो आवाज बाहेर पोचला तसे गुणवंतराव उठले आणि चहा प्यायला निघून गेले. निकालाची वाट बघायला ते थांबलेच नाहीत.

प्रात्यक्षिकात सगळे पास झाले. खुशाल नावाचा एक पोरगा तेवढा लेखी परीक्षेत आपटला, पण तो कोणाच्याही हाताखाली आपटलाच असता. त्या एका वर्षाची चार वर्षं झाली. गुणवंतराव अजून येतात. मी आता त्यांना पेलवत नाही, म्हणून दगड दाखवतात आणि भांडतात. घाव कांता घालते. एम.एस्सी. होऊन ती आता तिथेच शिकवते.

परवा मात्र कॉलेजने माझा सत्कार करायचं ठरवलं. काचेचं कपाट आणलं, आणि माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. माझ्यावर! कांताने पाहिलं, मला उचललं, आणि पोरांना घेऊन सरळ माजरी गाठली.

अर्धा नंबर तिथेच झिजला. उरलेल्यासाठी दगड पुष्कळ आहेत. तुम्हीही या. फक्त अंगठ्याखाली कुठला नंबर लपलाय ते विचारू नका. मला हातात घ्या आणि फोडून पाहा.