विमानाच्या पोटातली बॅग

अक्का धडधडीत खोटं बोलली, आणि तेही इतक्या सफाईने की तिचं तिलाच नवल वाटलं.

विमानाच्या दाराशी उभ्या असलेल्या पोरीने फक्त विचारलं होतं, "आत लॅपटॉप, पॉवरबँक, सुटी बॅटरी असं काही आहे का?" डोक्यावरचे कप्पे भरले होते, म्हणून मागून येणाऱ्यांच्या हातातल्या बॅगा खालच्या सामानात टाकायला काढून घेत होते. अक्का म्हणाली, "नाही." पोरीने बॅगेला चिठ्ठी अडकवली आणि बॅग गेली.

लॅपटॉप होता. बॅगेच्या अगदी तळाशी, आतल्या कपड्यांच्या खाली. तो काढायचा म्हणजे चाळीस माणसांसमोर सगळा संसार उघडा मांडायचा. आणि काढला असता तर पोरीच्या नजरेस पडला असता, ही खरी भीती. कारण त्याची बॅटरी फुगली होती. बोट फिरवायची पट्टी वर आली होती आणि झाकण नीट मिटत नव्हतं. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने अक्षरशः हात जोडले होते. "बाई, हा आता लावू नका आणि प्रवासात तर नेऊच नका. कधी पेट घेईल, नेम नाही." अक्का "बरं बरं" म्हणाली, घरी आली आणि जाडजूड शब्दकोश रात्रभर त्यावर ठेवून दिला. आता ह्या बाईला काय म्हणावं! आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात, पण बॅटरी दाबली की बसते ही चूक काही तिला दिसली नाही.

लॅपटॉप सोबत घेतला तोही कामाच्या हव्यासापायी. दवाखान्यात बसून बसून काय करणार, तेवढीच शंभर पानं तपासून होतील म्हणून. जायचं होतं धाकट्या भावाकडे. त्याला सगळे बारक्या म्हणत, वजन नव्वद किलो असूनही. बावन्न वर्षांचा, लग्नाच्या भानगडीत न पडलेला, मागेपुढे अक्काशिवाय कुणी नाही. दुपारी दोनला त्याचं ऑपरेशन. "छोटंसंच आहे गं," तो फोनवर म्हणाला होता, "पण तू आलीस की मी आत जाईन. मला एकट्याला भीती वाटते." नव्वद किलोचा माणूस भीती वाटते म्हणतो, तेव्हा बहिणीचा जीव कसा थाऱ्यावर राहील? एकला उतरायचं, दीडपर्यंत दवाखाना गाठायचा, असा तिचा हिशोब होता.

ती खिडकीशी बसली, पट्टा लावला. सूचना सुरू झाल्या. त्यात हवाई सुंदरीने सांगितलं की बॅटरीची कुठलीही वस्तू खालच्या सामानात असेल तर आत्ताच कळवा. ती सुंदरी जवळून गेली तशी अक्काने सहज विचारल्यासारखं विचारलं, "खाली असली तर काय होतं हो?"

"इथे वर काही पेटलं तर आम्हाला दिसतं, मावशी. पाणी ओतून गार करतो, आग न पसरू देणाऱ्या पिशवीत घालतो. खाली बघायला कुणी नसतं. आणि ह्या बॅटऱ्यांची आग खालच्या यंत्रणेने विझेलच असं नसतं."

ती गोड हसून पुढे गेली. विमान हळूहळू मागे सरकायला लागलं.

अक्काने मनात हिशोब मांडला. आपण बोललो तर विमान थांबेल, आपल्याला उतरवतील, बारक्या एकटा आत जाईल. नाही बोललो तर कदाचित काहीच होणार नाही. चार दिवस घरात काही झालं नव्हतं. पण बॅग कुणी आपटली असेल तर? वर दुसरी जड बॅग पडली असेल तर? तिने मागे पाहिलं. एक आजोबा तोंड उघडं टाकून घोरत होते. पुढच्या रांगेत एक बाई मांडीवरच्या लेकराला खिडकीबाहेर विमानाचा पंख दाखवत होती. दीडशे माणसं असतील. दोन तासांचाच तर प्रवास, ती स्वतःला म्हणाली. आणि मग तिला स्वतःचीच किळस आली. दोन तास हे लेकरू आपल्या भरवशावर हवेत असणार, आणि आपण खिडकीबाहेर बघत बसणार?

विमान धावपट्टीच्या तोंडाशी वळलं तेव्हा तिने डोक्यावरचं बटण दाबलं. कुणी येईना, तशी ती ओरडलीच, "अहो, थांबवा! माझ्या बॅगेत फुगलेली बॅटरी आहे! मी खोटं बोलले!"

पुढे जे व्हायचं ते झालं. विमान परत फिरलं. लोकांनी अक्काच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "अक्कल गहाण ठेवली होती का?" एक टाय लावलेला गृहस्थ म्हणाला, आणि अक्काला त्याचं म्हणणं पटलं. तिला उतरवलं, बॅग शोधून काढली. हातमोजे घातलेल्या माणसाने लॅपटॉप वाळूच्या डब्यात ठेवला.

"गरम होता का हो?" अक्काने विचारलं.

"होता. पण बॅग उन्हात पडली होती. उन्हाने की आतून, ते कुणी सांगावं?"

म्हणजे ते आता कधीच कळायचं नव्हतं. विमानतळावरच्या साहेबांनी तासभर प्रश्न विचारले, चार कागदांवर सह्या घेतल्या. ती सुटली तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि पुढचं विमान संध्याकाळी सातचं होतं. तिने बारक्याला फोन लावला.

"अक्के, आलीस? कुठल्या दाराशी आहेस?"

"मी निघालेच नाही रे." तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. खो खो हसला तो. मग हसता हसता थांबला.

"अक्के, मग मीही सांगून टाकतो. छोटं नाहीये ऑपरेशन. हृदयाची मोठी नस आहे. डॉक्टर म्हणाले, निम्मी निम्मी आशा."

"मेल्या, मला का नाही सांगितलंस?"

"तू रडत आली असतीस. मला तू ओरडत यायला हवी होतीस, नेहमीसारखी."

"उद्यावर नाही का ढकलता येत? मी रात्री पोचते रे."

"थांबता येत नाही म्हणतात. स्ट्रेचर आलंय बघ." त्याचा आवाज बारीक झाला. "बोल ना काहीतरी."

मग अक्का ओरडली. भर विमानतळावर, येणारेजाणारे वळून बघत असताना ओरडली. वजन कमी कर म्हणून किती वर्षं सांगतेय, एक शब्द ऐकलास का कधी, बाहेर ये मग बघते तुझ्याकडे, चप्पल हातात घेऊनच येते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाजात तिने ते येऊ दिलं नाही. "ऐकतोयस ना, बारक्या?"

"ते आत गेले," पलीकडून एका बाईचा आवाज आला. "मी सिस्टर बोलतेय. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मोठी बहीण," अक्का म्हणाली. "मला यायला रात्र होईल. तोवर दाराशी कुणीतरी उभं राहा हो. त्याला एकट्याला भीती वाटते."