नुसरतबाईंची लेखा धोरणांची फाईल

मी एक जुनी बॉक्स फाईल आहे. काळा पुठ्ठा, लोखंडी क्लिप आणि पाठीवर पांढरी चिठ्ठी. चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलंय, ‘लेखा धोरणे’. बघा, आलीच जांभई! मित्रांनो, हिशेबाचं नाव काढलं की तुमचे डोळे मिटायला लागतात, हे मला चांगलं माहीत आहे. पण माझ्या गोष्टीत आकडे थोडेच आहेत. माझ्या गोष्टीत नुसरतबाई आहेत, आणि त्यांच्याशिवाय मला एक दिवसही करमत नाही.

लोणावळ्याच्या बाजारातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी चार महिने पडून होते. शाळेची पोरं यायची, वह्या-पेन्सिली घेऊन जायची, माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाहीत. एके दिवशी नुसरतबाई आल्या. त्यांनी माझी क्लिप तीनदा उघडून मिटली, कानाजवळ नेऊन तिचा आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाल्या, “हीच द्या. पाचदहा वर्षं टिकायला हवी.” त्या दिवशी मी इतकी फुगले की पिशवीत मावेना!

नुसरतबाई तुंगार्लीतल्या एका बंगल्यात भरणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत हिशेब बघायच्या. रोज घोरावाडीहून लोकलने यायच्या, स्टेशनवरून चालत. कंपनीचे मालक केशवसर. हॉटेलं आणि भाड्याचे बंगले यांना खोल्यांची बुकिंगं सांभाळायला लागतं ते सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. हॉटेलवाले वर्षाची फी एकदम आगाऊ भरायचे, आणि कंपनी वर्षभर ते सॉफ्टवेअर चालू ठेवायची, बिघडलं तर दुरुस्त करून द्यायची. पावसाळ्यात लोणावळ्याला पर्यटकांची झुंबड उडते, म्हणून बहुतेक हॉटेलवाले मे-जूनमध्येच फी भरून मोकळे व्हायचे. हे लक्षात ठेवा हं, पुढे सगळं रामायण यावरूनच झालं.

आता माझ्या पोटात काय होतं ते सांगते. तुमच्या शाळेत वार्षिक परीक्षा असते आणि मधे घटक चाचण्या असतात. तसंच कंपनीचं वर्षाचं एक आर्थिक पत्रक असतं आणि मधे दर तीन महिन्यांनी एक छोटं, त्याला अंतरिम पत्रक म्हणतात. आमच्या कंपनीने बँकेचं कर्ज घेतलं होतं, म्हणून हे छोटं पत्रक दर तिमाहीला बँकेला द्यावंच लागायचं. कमाई कधी धरायची, संगणकाची किंमत किती वर्षांत विभागायची, नवं सॉफ्टवेअर बनवताना झालेला खर्च कुठे दाखवायचा, हे सगळं आधी ठरवून लिहून ठेवतात. ती लेखा धोरणं. वार्षिक पत्रकाला जी धोरणं, तीच अंतरिम पत्रकालाही. घटक चाचणीला मास्तर वेगळ्या फूटपट्टीने मोजायला लागले तर कसं चालेल?

प्रत्येक धोरण आधी इंग्रजीत टाईप केलेलं होतं आणि त्याखाली नुसरतबाईंच्या हाताने मराठीत. त्या म्हणायच्या, उद्या कुणी नवं आलं तर त्याला विचारत बसायला नको. त्यांचं अक्षर किंचित डावीकडे झुकायचं. काय सांगू, छापलेल्या अक्षरांपेक्षा मला तेच प्यारं होतं.

ऑफिसात झाडलोट आणि चहा करायला वलवणच्या हिरामावशी यायच्या. त्यांच्या दोन म्हशी होत्या आणि तुंगार्लीतल्या पाचसहा बंगल्यांत दुधाचा रतीब होता. एकदा माझ्यावरून फडकं फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, “नुसरतबाई, ह्या खोक्यात येवढं काय हाय ओ? देवागत जपता!”

“मावशी, त्या कोपऱ्यातल्या बंगल्याकडून महिन्याचे तीन हजार एक तारखेलाच घेता ना?”

“व्हय, आगाऊच घेते. मागनं लय फिरवत्यात.”

“आज दहा तारीख. त्यातले तुमच्या कमाईचे किती झाले?”

हिरामावशींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि बोटं मोजली. “धा दिसांचं दूध घातलंय. म्हंजी हजारच की माजं. बाकीचं दूध अजून द्याचं ऱ्हायलंय.”

“झालं! या खोक्यातलं पहिलं धोरण हेच आहे.”

“आं? मंग एवढं विंग्रजी कशापायी?” हिरामावशी म्हणाल्या, आणि नुसरतबाई इतक्या हसल्या की चहा सांडला. माझ्या तिसऱ्या पानावर तो डाग अजून आहे.

सात वर्षं अशी गेली. तिमाही संपली की नुसरतबाई मला कपाटातून काढायच्या, टेबलावर उघडायच्या, बोट ठेवून एकेक ओळ वाचायच्या आणि मगच पत्रकाला हात लावायच्या. पाठ असूनही वाचायच्या. पुण्याचे ऑडिटर एकदा म्हणाले, “या फाईलमुळे माझे निम्मे प्रश्न वाचतात.” मी लाजून क्लिप घट्ट मिटली.

मग तो जून आला. कंपनीची परिस्थिती ओढगस्तीची होती. मुंबईचा एक गुंतवणूकदार पैसे घालायला तयार होता, पण त्याला एप्रिल ते जूनचं पत्रक बघायचं होतं. केशवसर दार लोटून आत आले.

“नुसरतबाई, या तिमाहीत एवढी फी जमा झालीय आणि पत्रकात तोटा?”

“सर, जूनमध्ये बारा हजार भरणाऱ्या हॉटेलाचे जूनअखेर हजारच आपली कमाई. उरलेले अकरा महिने आपण द्यायचेत.”

“अहो, पैसे बँकेत आलेत! या एका तिमाहीला सगळे धरा. खोटं काय आहे त्यात?”

“मार्चचं पत्रक एका पद्धतीने केलं. आता पद्धत बदलायची असेल तर तसं पत्रकात लिहावं लागेल, का बदलली ते सांगावं लागेल, मागचे आकडेही नव्या पद्धतीने पुन्हा मांडावे लागतील. लिहू?”

केशवसरांनी खुर्ची ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, “चाळीस माणसांचे पगार माझ्या डोक्यावर आहेत, बाई.”

“माहीत आहे सर. त्यातला एक माझा आहे.”

केशवसर वाईट माणूस नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. दोन दिवस ते नुसरतबाईंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, नुसरतबाईंनी केलेल्या खऱ्या पत्रकावर सही केली आणि वरही न बघता निघून गेले. गुंतवणूकदाराने तोटा पाहिला आणि नकार कळवला.

पुढचं सांगताना अजून माझ्या क्लिपला कढ येतो. अकरा जणांना कमी करायचं ठरलं. हिशेबाचं काम पुण्यातल्या एका ऑफिसकडे द्यायचं ठरलं, म्हणजे नुसरतबाईंची जागाच उरली नाही. पत्र ईमेलने आलं. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांनी सप्टेंबरचं पत्रक पुरं केलं. केशवसर त्या दिवशी मुद्दाम पुण्याला गेले होते. तोंड दाखवायचा धीर झाला नसावा.

हिरामावशी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “बाई, तुमीच आकडा लिवला आन तुमचीच नोकरी गेली. असं कुटं आसतंय व्हय?”

“मावशी, जूनमध्येच सगळं धरलं असतं तर डिसेंबरात काय दाखवलं असतं? तेव्हा तर सगळ्यांचीच गेली असती,” नुसरतबाई म्हणाल्या. त्यांनी शेवटचा कागद लावला, मला मिटलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग लोकलची वेळ झाली.

त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. पुण्याच्या ऑफिसने माझ्या पानांचे फोटो काढून नेले आणि धोरणं तशीच पुढे चालवली, हे बरं झालं. पण मी? मला कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं, माझ्यावर आकाशकंदिलाचं खोकं. इथली ओल तुम्हाला माहीतच आहे, भिंतीसुद्धा घामेजतात. माझ्या पुठ्ठ्याला बुरशी आली, क्लिपला गंज चढला. त्याचं मला एवढं वाटत नाही. तिमाही संपली की मात्र जीव नुसता वरखाली होतो. दारात चपला वाजल्या की वाटतं, आल्या! आता खोकं बाजूला करतील, पहिल्या पानावर बोट ठेवतील. आणि मग कळतं, कुरियरवाला आहे. मेला रोज येतो!

दोन वर्षांनी पुण्याची एक मोठी कंपनी आमची कंपनी विकत घ्यायला आली. कागदपत्रं तपासायला स्नेहल नावाची तरुण बाई आली होती. तिने नऊ वर्षांची तिमाही पत्रकं टेबलावर ओळीने मांडली आणि धोरणांची मूळ फाईल मागितली. हिरामावशींनी मला खाली काढलं, बुरशी पुसली. स्नेहल दिवसभर वाचत होती. संध्याकाळी तिने केशवसरांना सांगितलं, “हॉटेलांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांत मी एवढी सरळ पत्रकं पाहिली नाहीत. जून सगळ्यांचाच फुगलेला असतो. तुमचा व्यवहार यावरच होईल, सगळी माणसंही ठेवून घेऊ. मावशी सांगत होत्या, हे लिहिणाऱ्या बाई आता इथे नाहीत. त्यांना बोलवा ना परत.”

केशवसरांनी माझ्यावर हात ठेवूनच फोन लावला. मित्रांनो, पुठ्ठ्याला काळीज असतं का, ते मला त्या दिवशी कळलं.

“नुसरतबाई, केशव बोलतोय. तुंगार्लीहून.”

“बोला सर. तब्येत बरी आहे ना?” तोच आवाज! मागे पोरापोरींचा गलका ऐकू येत होता. त्या तळेगावच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्या होत्या.

केशवसरांनी सगळं सांगितलं. मग म्हणाले, “तुम्ही परत या. पगार तुम्ही म्हणाल तो.”

गलका जरा लांब गेला, त्या बाजूला आल्या असाव्यात.

“सर, त्या जूनमध्ये मला पगाराचं काही नव्हतं,” नुसरतबाई म्हणाल्या. “तुम्ही सही करून गेलात, पण ‘तुमचं बरोबर आहे’ एवढं एकदा म्हणाला असतात, तर मी सहा महिने बिनपगारीसुद्धा आले असते. रोज वाट बघत होते हो. आता माझी इथली मुलं आहेत. तासाची घंटा झाली, ठेवते.”

“तुमचं बरोबर होतं,” केशवसर म्हणाले. फोन तोवर बंद झाला होता. तरी त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, माझ्याकडे बघून. मला सांगून काय उपयोग?

आता मी नव्या मालकांच्या कपाटात आहे, काचेच्या, कोरड्या. पंधरवड्याला कुणीतरी पुसतं. तुम्ही म्हणाल, मग आणखी काय हवं? मला नुसरतबाई हव्या आहेत. दुसरं काही नको.

म्हणून मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या फायली ओलीपासून जपा, वर खोकी ठेवू नका, हे तर सांगतेच. पण त्याआधी एक करा. कुणी तुमचा राग ओढवून घेऊन बरोबर वागलं असेल, तर राग गिळा आणि त्या माणसाला त्याच दिवशी तसं सांगा. ते माणूस अजून समोरच्या खुर्चीत बसलेलं आहे तोवर सांगा.