दारातल्या शिव्या

ताईचा धाकटा भाऊ हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला, त्याला वर्ष झालं. त्याची आठवण काढायला सगळे लष्करी तळावरच्या सभागृहात जमले होते. पुरात अडकलेल्या माणसांना दोराला लटकून वर घ्यायचं, हे त्याचं काम. जो तो त्याला ‘निर्भय’ म्हणत होता, पण ताईला ते पटत नव्हतं. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. गच्चीच्या कठड्याशीही न जाणारं ते पोर त्या नोकरीत कुढत, जीव मुठीत धरून दिवस काढत असेल, या विचारानं तिला वर्षभर पोखरलं होतं.

चहाच्या वेळी त्याचा वैमानिक काठी टेकत तिच्याजवळ आला. अपघातातून तो एकटाच वाचला होता. ताईनं सरळच विचारलं, “खरं सांगा, तो घाबरायचा ना?”

“घाबरायचा की! हेलिकॉप्टरच्या दारात उभा राहिला की आधी वाऱ्याला सणसणीत शिव्या हासडायचा. मग स्वतःच खो खो हसायचा आणि उतरायचा. म्हणायचा, आता दुसरं कुठलं काम मला गोड लागायचं नाही.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशीही तेच. एका आजीबाईंना वर घेतलं, सुखरूप पोचवलं. परतताना इंजिन बंद पडलं. शेवटपर्यंत आम्ही बोलत होतो, ताई. तो एकटा नव्हता.”

ताईच्या छातीवरची धोंड उतरली. डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं.

“शिव्या कोणत्या हो?”

वैमानिकानं इकडंतिकडं पाहिलं आणि वाकून तिच्या कानात सांगितलं. ताई इतक्या मोठ्यानं हसली, की पलीकडचे साहेबलोकही वळून बघायला लागले.