तंबाखू खाल्लेला पुदिना

संस्थान विलीन झालं त्या उन्हाळ्यात कागलजवळच्या आकाराम चौगुल्याच्या घरातही राज्य बुडालं. बायकोनं, झुंबरबाईनं, अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या आणि ह्या गड्यानं ओसरीवरून न बघता तंबाखूची पिचकारी मारली, ती नेमकी कुरडयांवर. झुंबरबाई भांडली नाही. घरात तंबाखू राहील नाहीतर मी, एवढं सांगून ती कागलला आईकडं निघून गेली.

स्वतःच्या हातची भाकरी खायला लागली की भल्याभल्यांना अक्कल येते. आकारामनं जोतिबाची शपथ घेतली. तंबाखूची चंची झाडली, आणि वखारीतून किडीवर टाकायला आणलेली तंबाखूच्या भुकटीची पोतीसुद्धा परसात न्हाणीच्या पाण्यावरच्या पुदिन्यात पालथी केली. शपथ त्यानं अक्षरशः पाळली, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं बिचाऱ्यावर नाही नाही ते आळ आले.

सुरुवातीला त्याचे फार हाल झाले. बैलांवर खेकसला, शेजारच्या मौलालीशी उगाच बांधावरून भांडला. मग तो पुदिन्याची चटणी खायला लागला आणि जीव जरा थाऱ्यावर आला. पुढं पुढं तर चटणीशिवाय घास उतरेना. रानात जातानाही रिकाम्या चंचीत पुदिन्याची पानं भरून न्यायचा. ही सगळी जोतिबाची कृपा, असं तो येईल त्याला सांगायचा.

बातमी कागलला पोचली. झुंबरबाई आली, पण गाठोडं न सोडता, आणि पारख करायला आईला, अंबूबाईला, बरोबर घेऊन. म्हातारीनं जन्मात मिश्रीसुद्धा लावली नव्हती. ती म्हणेल तरच लेक नांदणार होती. तिनं कोनाडे हुंगले, जावयाचा पटका झटकायला लावला, वाकळेखाली हात घातला. काही सापडलं नाही. खूश होऊन जेवायला बसली आणि चटणी आवडली म्हणून तीनदा मागून घेतली.

आधी उचकी लागली. मग घाम फुटला, घर गरगरायला लागलं, आणि म्हातारी न्हाणीपाशी जाऊन भडाभडा ओकली. गलका ऐकून मौलाली आला. तंबाखूच्या वखारीवर गाडी हाकण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यानं तोंडाकडं बघूनच सांगितलं, "म्हातारीला तंबाखू लागली की."

झुंबरबाईनं गाठोडं उचललं. आकाराम दारात आडवा उभा राहिला. "जोतिबाची आण, चिमूट बी तोंडात टाकल्याली न्हाय," तो म्हणाला.

"मग माझ्या आयला काय पुदिना लागला व्हय?"

मौलाली परसात गेला. पुदिन्याच्या बुडाशी भुकटीचा थर बघून खो खो हसत परत आला.

"वैनी, गडी खरं बोलतोय. माणूस नकू ते थुकून टाकतंय. झाडानं कुठं थुकायचं? मुळातनं पाण्यासंगं आल्यालं थोडं मोडून पचवतंय, आन् उरल्यालं पानाच्या आत दडवून ठेवतंय. ह्यानं पुदिन्याला तंबाखू चारली, आन् पुदिन्यानं ह्याला."

झुंबरबाईचा विश्वास बसेना. तिनं स्वतः जाऊन पानं खुडली, तीन पाण्यांनी धुतली आणि मूठभर चावली. थोड्या वेळानं घेरी येऊन ती धोंड्यावर टेकली आणि भिंतीला धरून बसून राहिली. नवरा खोटा नव्हता, हे कळून तिला बरंही वाटलं आणि हसूही आलं. तिनं गाठोडं खाली ठेवलं, पण वाफा आत्ताच्या आत्ता उपटायचा, ह्या अटीवर.

आकारामनं वाफा उपटला. डोळ्यांत पाणी होतं ते बायको राहिल्याचं की पुदिना गेल्याचं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. शपथ आता पहिल्यापासून पाळायची होती. मागचं भांडण आठवून मौलालीनं बांधाकडं फिरकायचं नाही असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई कागलला निघाली. लेक आत भाकरी बांधत होती. म्हातारीनं डोईवरचा पदर पुढं ओढला आणि जावयाला हळूच बाजूला बोलावलं.

"पावणं, त्या पुदिन्यातला एक गड्डा मुळासकट द्या बांधून. काल रातभर माझं गुडघं ठणाकलं न्हाईत."

आकारामनं उकिरड्यातून गड्डा काढून दिला. म्हातारीनं तो ओटीत घेतला, चार पावलं गेली आणि परत फिरली.

"आन् ती भुकटी बी द्या की पसाभर."