पेरभर पाणी

कागद मशीनच्या फटीत शिरला आणि पलीकडून कोमट, चकचकीत होऊन बाहेर आला. नांग सोसाने तो दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरला. आता याला पाणी लागो, घाम लागो, मासळीचा हात लागो, काही होणार नव्हतं.

"मूळ कागद होता ना हा, नांग?" एफ्रेनने विचारलं. नगरपालिकेसमोर झेरॉक्सचं दुकान टाकून त्याला वीस वर्षं झाली होती. अर्ध्या तुबिगोन गावाचे जन्मदाखले त्याच्याच हातून प्लास्टिकमध्ये गेले होते.

"मूळच. लोरेलीचा. अमेरिकेच्या सरकारचं पत्र आहे. आणि पोरगी ते वहीत कोंबून फिरते. कडा बघ कशा दुमडल्यात."

"मग वेळेवर आणलंत."

महिन्यापूर्वी नांग सोसाच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. त्यासाठीच लोरेली मिनेसोटाहून आली होती, आणि शनिवारी परत जायची होती. पट्टी निघाल्यापासून म्हातारी दिसेल ते वाचत सुटली होती. साबणाचं वेष्टन, जीपनी गाड्यांच्या पाठीवरची नावं, शेजारणीच्या दोरीवर वाळणाऱ्या बनियनवरचा मजकूर, काही सुटत नव्हतं. तीस वर्षं चर्चच्या कचेरीत तिने बाप्तिस्म्यांची आणि लग्नांची नोंद ठेवली होती. दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसायची खोड तिला तिथलीच, नजर तेवढी आता नवी मिळाली होती. त्या सकाळी लोरेली बाजारात गेली तेव्हा टेबलावरच्या वहीतून डोकावणारं पत्र तिने ओढून वाचलं. कार्डाची मुदत अठ्ठेचाळीस महिने वाढवली आहे, असं काहीसं त्यात होतं. एवढं मोलाचं पत्र आणि त्याची ही दशा. तिने चपला पायात सरकवल्या आणि थेट एफ्रेनचं दुकान गाठलं.

ती घरी आली तेव्हा लोरेली मोरीशी उभी राहून मोठ्या पातेल्यात तांदूळ धूत होती. नवरा गेल्यापासून नांग सोसाने ते पातेलं माळ्यावर टाकलं होतं. एकटीच्या भाताला तिने जाड बुडाचं, वीतभर छोटं पातेलं घेतलं होतं. लेक आल्यापासून ते चुलीमागच्या खिळ्याला टांगलेलं होतं.

"हे बघ," नांग सोसा म्हणाली आणि पत्र पुढे केलं.

लोरेलीचे हात पाण्यातच थांबले.

"नानाय, हे काय केलंस?"

"टिकेल आता."

"अगं, असल्या कागदाला कुणी लॅमिनेशन करतं का?"

"का नाही? तुझा जन्मदाखला केला, तुझ्या बापाचा मृत्यूचा दाखला केला. माझ्या डोळ्याचे रिपोर्टसुद्धा करणार होते, एफ्रेनच नको म्हणाला."

लोरेली ओल्या हातांनीच बाकावर टेकली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने आईला समजावून सांगितलं, एकेक शब्द मोजून, लहान मुलाला सांगावं तसं. लग्न करून तिकडे गेलेल्या बाईला राहायच्या परवान्याचं आधी दोनच वर्षांचं कार्ड मिळतं. ते मार्चमध्ये संपलं. पुढच्यासाठी अर्ज केलाय, पण निकाल लागायला वर्षं जातात. तोवर संपलेलं कार्ड आणि हे पत्र, ही जोडी दाखवली तरच विमानात बसू देतात.

"मग आहे की पत्र."

"आहे गं. पण उद्या काउंटरवरचं कुणी म्हणालं, प्लास्टिकखालचा कागद खरा की खोटा कळत नाही, तर?"

"तर राहा इथेच," नांग सोसा बोलून गेली, आणि पोरीचा चेहरा बघून तिने जीभ चावली. "ग्लेनला फोन कर ना. त्याच्याच देशाचं सरकार. तो सांगेल काय करायचं ते."

"ग्लेन कामावर आहे."

"आत्ता तिथे रात्र असेल."

"रात्रपाळी आहे त्याला."

महिनाभर सकाळी विचारलं तरी जावई कामावर, संध्याकाळी विचारलं तरी कामावर. एवढा कामसू माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले येऊ लागले. शेजारीण म्हणाली इस्त्री फिरवा, प्लास्टिक सुटतं. तिचा नवरा म्हणाला बर्फात ठेवा. लोरेलीने पत्र छातीशी धरलं आणि कुणालाच हात लावू दिला नाही. मग तिने विमान कंपनीला फोन लावला. आतून बराच वेळ संगीत वाजत होतं.

"तुझ्याकडे दुसरी प्रत असेल की एखादी," नांग सोसा म्हणाली. अपराधी वाटत असलं की तिला काहीतरी करून दाखवावंसं वाटे.

"निळ्या फाइलमध्ये नक्कल असेल. पण तू नको..." तेवढ्यात फोनवर कुणीतरी बोलायला लागलं आणि लोरेली रेंज शोधत खिडकीशी गेली.

नांग सोसाने फाइल उघडली. आत लग्नाचे फोटो होते, चर्चच्या पायऱ्यांवर ग्लेन उन्हाने लालबुंद झालेला. विजेची बिलं होती, भाड्याचा करार होता, कुणा शेजाऱ्यांनी लिहून दिलेली पत्रं होती. ही दोघं खरोखर नवराबायको म्हणून राहिली, हे सरकारला पटवायला पोरीने किती कागद जमवले होते. नांग सोसा रमून गेली. महिनाभर विचारून जे कळलं नाही ते इथे ओळीने लावलेलं होतं. घराचा दरवाजा हिरवा होता, मांजर होतं.

शेवटी अर्जाची नक्कल आली. सहीच्या पानावर दोन चौकटी होत्या. एकीत लोरेलीची सही, शाळेत शिकवली तशी सरळ. दुसरी चौकट, नवऱ्याची, कोरी.

सही राहिली, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तीस वर्षांत तिने असे किती नवरे पुन्हा कचेरीत बोलावले होते, एकाला तर वरातीच्या गाडीतून उतरवून आणला होता. मग तिचा नवा डोळा पानं मागे उलटत वरच्या बारीक ओळींवर गेला. तिथे एका ओळीपुढे खूण केलेली होती. हे लग्न आम्ही खऱ्या मनाने केलं होतं, पण आता ते घटस्फोटाने संपलं आहे, असा त्या ओळीचा अर्थ होता. तिने तो दोनदा वाचला, आणि मग एकदा नुसत्या डाव्या डोळ्याने, जणू जुना डोळा काही वेगळं सांगेल.

खिडकीशी लोरेली पाठमोरी उभी राहून फोनवर आपलं नाव एकेक अक्षर करून सांगत होती.

नांग सोसाने पानं होती तशी लावली, कडा जुळवल्या. पहिल्यांदा तिला राग आला. सरकारला कळवलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवलं, आणि आईला नाही. मग तिला आठवलं की ही आई कोण होती. या लग्नाची नोंद चर्चच्या वहीत तिनेच केली होती, आपल्या सगळ्यात देखण्या अक्षरात. त्या वहीत लग्न संपल्याचा रकानाच नव्हता. या देशाच्या कायद्यातही तो नव्हता. घरातून पळून गेलेल्या बायकांबद्दल ती जेवताना काय काय बोलली होती, हे पोरीने लहानपणापासून ऐकलेलं होतं. राग ओसरला.

गावातल्या प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट विचारणाऱ्या त्या बाईला हे एक विचारता येईना.

लोरेलीने फोन ठेवला. "म्हणतात, मूळ पत्र घेऊन या, काउंटरवर बघू."

"बरं." नांग सोसाने फाइल तिच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "तिकडे भात कशात करतेस गं?"

"कुकर आहे. दहा माणसांचा. ग्लेनच्या आईने दिला होता."

"मग उरत असेल."

"उरतो. तोच तीन दिवस खाते मी." लोरेली थांबली. "म्हणजे, खातो आम्ही."

"हो, एवढ्या मोठ्या कुकरात उरायचाच," नांग सोसा म्हणाली आणि भात बघायला उठली.

शनिवारी पहाटे पेटी दाराशी आली. तळाशी ग्लेनसाठी खास शिवून घेतलेला, छातीवर भरतकाम केलेला शर्ट होता. माप ऐकून शिंप्याने दोनदा खात्री करून घेतली होती. वर वाळवलेल्या आंब्यांची पाकिटं आणि कोकोच्या वड्या. लोरेली अंघोळीला गेली तेव्हा नांग सोसाने पेटी पुन्हा उघडली.

"कशाला उचकतेस, नानाय? वजन जेमतेम बसलंय," लोरेली आतून ओरडली.

"आंबे नीट लावते."

दोघी बोटीने पलीकडच्या बेटावर, सेबूला निघाल्या. लोरेली मांडीवरच्या पिशवीतलं पत्र दर थोड्या वेळाने चाचपून बघत होती. विमानतळाच्या दारात शिपायाने नांग सोसाला अडवलं.

"तिकीट नसेल तर इथपर्यंतच हं, आजी."

लोरेलीने वाकून आईचा हात कपाळाला लावला. "पत्र नाही चाललं तर इथूनच परत घेऊन जा मला," ती हसत म्हणाली, पण तिचा हात गार होता.

काचेच्या भिंतीतून चौथा काउंटर स्वच्छ दिसत होता. तिथल्या मुलाने पासपोर्ट घेतला, कार्ड घेतलं, पत्र घेतलं. पत्रावर दिव्याची तिरीप पडली. त्याने ते उलटं केलं, वाकवून पाहिलं, मग मागे वळून कुणाला तरी हाक मारली. एक चष्म्यावाली बाई आली. तिने प्लास्टिकवर नखाने खरवडून पाहिलं. नांग सोसाचं नखही पिशवीच्या बंदावर घासलं गेलं.

आता नाही म्हणाले तर पोरगी घरी येईल. तिकडे तिची वाट बघणारं कुणी नाही, इथे निदान मी आहे. हा विचार तिच्या मनात आला हे खोटं नाही, आणि घटकाभर तिने तो गोंजारलाही. पण काचेपलीकडे लोरेली गयावया करत नव्हती. ताठ उभी राहून ती पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवून काहीतरी सांगत होती, आणि चष्म्यावाली बाई मान हलवत ऐकत होती. आपल्या पोरीला इतकं ठाम उभं राहिलेलं नांग सोसाने कधी पाहिलं नव्हतं. जाऊ दे तिला, ती देवाला म्हणाली. जाऊ दे रे बाबा.

चष्म्यावाल्या बाईने फोन लावला. बराच वेळ बोलली. मग फोन ठेवून ती एकदम हसली आणि मुलाला खूण केली. मुलगा टाइप करायला लागला.

पेटी काट्यावर चढली आणि मुलाने दोन बोटं वर केली. दोन किलो जास्त. लोरेली बाजूला जमिनीवर गुडघे टेकून बसली, पेटी उघडली आणि तिचा हात न शोधता थेट तळाशी गेला, जिथे शर्ट होता तिथे. काढून टाकायला सगळ्यात आधी तोच होता.

हात थांबला. मग तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि कागद सोडवला. जाड बुडाचं, वीतभर पातेलं. आतून घासून लख्ख केलेलं, झाकणासकट.

ती तशीच बसून राहिली. मागच्या रांगेतल्या माणसाने आपली गाडी वळवून घेतली. मग लोरेलीने पेटीतून आंब्यांची पाकिटं काढली, बूट काढले, एक जाडजूड पुस्तक काढलं. पातेलं पुन्हा तळाशी ठेवलं आणि पेटी बंद केली. उठल्यावरच तिने काचेकडे पाहिलं. नांग सोसाने हातपंख्याने वारा घेत असल्यासारखं दाखवलं.

नांग सोसा बोटीच्या धक्क्यावर पोचली तोच फोन वाजला.

"नानाय, मी गेटवर आहे. त्या बाई म्हणाल्या, महिन्याला चारदोन तरी येतात असे प्लास्टिकमधले कागद. सगळ्यांच्या आयाच करतात म्हणे."

"मग करणारच."

पलीकडे सामानाच्या चाकांचा आवाज येत राहिला. लोरेली नाक ओढत होती.

"नानाय, ते पातेलं..."

"त्यात तांदळावर बोटाच्या पहिल्या पेराएवढंच पाणी घाल," नांग सोसा म्हणाली. "आणि आच बारीक ठेव. एकट्यापुरता भात लवकर करपतो. मला पहिलं वर्षभर जमत नव्हता."

"बरं."

"आणि मांजराला काय घालतेस ते सांग. मांजर तरी आहे ना अजून?"

लोरेली रडता रडता हसली. मग ती सांगायला लागली. बोट सुटायची घंटा झाली तरी ती सांगत होती, आणि नांग सोसा ऐकत, मध्ये मध्ये विचारत, फळीवरून जपून चढली. तिच्या पिशवीत शर्ट होता, जो तुबिगोनमध्ये कुणालाही झाला नसता. घरी आता मोठंच पातेलं उरलं होतं. भात जास्त होणार, तेव्हा एफ्रेनला जेवायला बोलवावं, असं तिने ठरवलं.