साबणाला रंधा

"वास एक नंबर," अंबिकाताई म्हणाल्या, "पण ह्या कडा बघा."

त्यांनी साबणाच्या चार वड्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक जाड, एक बारीक, एकीचा कोपरा उडालेला. चौथीची कड इतकी धारदार की अंगाला लावली तर ओरखडा उठावा. मनिषाचा चेहरा उतरला. करडईच्या आणि कडुलिंबाच्या तेलाचा हा साबण ती वर्षभर कंधारला घरी बनवत होती. शेजारपाजारच्या बाया कौतुक करून न्यायच्या, कडांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

लातूरच्या बाजारात अंबिकाताईंचं तेलं, उटणी, शिकेकाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक पारखायची त्यांची सवय होती आणि माल पारखायचीही. "माझ्या पुतणीचं लग्न हाय दोन महिन्यांनी," त्या म्हणाल्या. "येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एक वडी द्यायचा विचार हाय. तीनशे लागतील. पुढच्या सोमवारी मला दहा वड्या एकसारख्या करून दाखवा. दाखवल्या तर तुमच्याच घेते."

तीनशे! मनिषा बसमध्ये बसली तरी आकडा डोक्यातून जाईना.

घरी आल्या आल्या तिनं बटाट्याची सालं काढायचं सोलणं काढलं. सुरुवातीला ते साबणात खोल रुतायचं आणि शेवटी नुसतंच घसरायचं. मग विळीवर करून पाहिलं. कड बरी निघाली, पण सकाळी पाहते तर लोखंडाचे तांबूस डाग उमटलेले. सुरीनं केलं तर प्रत्येक वडीचा उतार वेगळा.

तिची सासू पंचफुला दारात बसून बघत होती. "हाताच्या अंदाजानं किती करशील?" ती म्हणाली. "सुताराकडं असतंय की सपाट करायचं. रंधा. नांदेडला जा, चांगला बघून आण."

बुधवारी सकाळच्या बसनं मनिषा नांदेडला गेली. पिशवीत रुमालात गुंडाळलेल्या सात-आठ वड्या. इतवारा बाजारात हत्यारांच्या दुकानात तिनं रंधे मागितले. दुकानदारानं तीन काढून ठेवले.

"कशाला पाहिजे? सागवान का आंबा?"

"साबणाला."

दुकानदार हसला. शेजारी पाती निवडत बसलेला एक म्हातारा सुतार मात्र हसला नाही. कानावर पेन्सिल, सदऱ्यावर भुसा. त्यानं हात पुढं केला. "दाखवा बघू, ताई."

मनिषानं वडी दिली. म्हाताऱ्यानं ती नखानं टोकरली, वास घेतला आणि दुकानातला सगळ्यात लहान रंधा उचलून तिच्यावरून फिरवला. वडीचा कोपरा टणकन उडून खाली पडला.

"अरेच्चा!" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत चमक आली. "लाकडाला रेषा असत्यात. उलटं गेलं की उखडतं. ह्याला तर रेषाच न्हाई, मग का उखडलं?"

"ही लई जुनी वडी हाय, काका. वाळून कडक झालीय."

"आणि हातात धरायलाबी जागा न्हाई हिला." मग त्यानं रंधा उलटा केला, पातं वर, आणि दोन गुडघ्यांत घट्ट धरला. "दुसरी द्या. ताजी."

ह्या वेळी त्यानं रंधा हलवलाच नाही. वडीच पात्यावरून सरकवली. सर्र झालं आणि खालून साबणाची पातळ, लांब, गुंडाळी होत जाणारी पट्टी बाहेर पडली. दुकानदार काउंटरवरून वाकून बघायला लागला.

"काका!" मनिषा जवळजवळ ओरडलीच. "पुन्हा करा, पुन्हा!"

म्हाताऱ्याचं नाव वीरण्णा. मूळचा देगलूरचा, तीस वर्षं नांदेडात. तो तिला तीन गल्ल्या पलीकडे आपल्या कारखान्यात घेऊन गेला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली आणि एक ठोकळा. वाटेत तो सारखा बोलत होता. रंधा तयार घ्यायचाच नाही, आपणच बनवायचा. रंध्याचं पातं लोखंडाचं, आणि विळीच्या लोखंडाचे डाग मनिषानं सांगितले तेव्हा तो थांबला, वळला आणि समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरला. बाहेर आला तो बटाट्याचे वेफर्स करायची किसणी घेऊन.

"स्टीलचं पातं हाय हिला. एवढंच पाहिजे आपल्याला."

त्यानं स्क्रू काढून पातं सोडवलं आणि टोकाचा एक तुकडा कापून ठेवला. सागाची एक फळी घेतली, मधोमध चीर पाडली आणि पातं तिच्यात तिरपं बसवलं, कागदाच्या जाडीइतकं वर. दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकल्या, म्हणजे वडी इकडं तिकडं जायची नाही. हे झालं सपाट करायचं. मग मनिषानं विचारलं, "आणि कड मारायची?"

वीरण्णानं पेन्सिल कानावरून काढली, भिंतीवर एक रेघ ओढली, पुसली, दुसरी ओढली. "वडी आडवी ठिवून कड निघत न्हाई. उभी कोपऱ्यावर धराय पाहिजे. मग तिला बसायला तशीच खाच करू."

फळीच्या दुसऱ्या टोकाला त्यानं लांब खाच कोरली, दोन तिरप्या बाजूंची, पन्हाळीसारखी. तिच्या अगदी तळाशी पात्याचा उरलेला तुकडा. वडीची कड खाचेत ठेवायची आणि ओढायची. त्यानं फळी मनिषाच्या पुढ्यात सरकवली. "तुम्ही करा. तुमचं हत्यार हाय."

तिनं वडी खाचेत ठेवली आणि ओढली. धाग्यासारखी बारीक काडी खाली पडली. तिनं बोट फिरवलं. धारदार कड गेली होती, आणि तिथं एक अरुंद, गुळगुळीत, सरळ उतार होता. ती बाराच्या बारा कडा करत सुटली. वीरण्णा मांडीवर थाप मारत होता. "हाव, हाव! आता हाताला टोचंल का?"

घरी पोचायला दुपार टळली. मनिषानं चप्पल काढायच्या आधी फळी ओट्यावर ठेवली. पण परवा कापलेल्या वड्या घेतल्या तर त्या पात्याला चिकटल्या, त्यांचा लगदा झाला. दीड महिना वाळलेल्या घेतल्या तर कपचे उडाले. नांदेडला नीट निघालेल्या वड्या किती दिवसांच्या होत्या तेच तिला आठवेना. ती रडकुंडीला आली.

पंचफुला उठली. फळ्यांवर मांडलेल्या वड्या तिनं एकेक करून अंगठ्यानं दाबल्या. तिची अर्धी हयात वीटभट्टीवर गेली होती.

"कच्च्या विटेची कड कवा नीट करत्यात म्हाईत हाय का?" ती म्हणाली. "ओली असताना न्हाई, वाळल्यावरबी न्हाई. अंगठा जरासा उमटला पायजे, पण मातीनं अंगठा धरला न्हाई पायजे." सात दिवसांच्या वड्यांपाशी ती थांबली. "ह्या घे. ह्या तयार झाल्यात."

मनिषानं एक वडी पात्यावरून ओढली आणि पट्टी सुटली, अख्खी, न तुटता. दुसरीही सुटली. मनिषानं सासूच्या हातात वडी दिली. पंचफुलाचा हात सुरुवातीला जपून चालला, मग त्याला लय सापडली. जोर ना कमी, ना जास्त. तिच्या वड्या मनिषापेक्षा सरस निघत होत्या, हे दोघींनाही कळलं.

"आत्या, सोमवारी तुम्हीबी चला लातूरला."

"मी? मी काय बोलू तिथं?"

"बोलायचं न्हाई. करून दाखवायचं."

सोमवारी अंबिकाताईंनी दहा वड्या एकीवर एक रचल्या. मनोरा सरळ उभा राहिला. त्यांनी पट्टीनं मोजलं, गालावर कड फिरवली आणि चष्मा वर केला. "मशीन घेतली का?"

पंचफुलानं पिशवीतून फळी काढली. मनिषानं खास ह्याचसाठी सात दिवसांच्या चार वड्या आणल्या होत्या. पंचफुलानं पदर खोचला, फळी काउंटरला टेकवली आणि वडी ओढली. दुकानात आलेल्या दोन बाया पुढं सरकल्या. एकीनं खाली पडलेली गुंडाळी उचलून हुंगली. अंबिकाताईंना राहवेना. "मावशी, मला करू द्या की एक!"

त्यांची पहिली कड वाकडी गेली. "दाबू नका," पंचफुला म्हणाली, "नुसतं ओढा." दुसरी सरळ आली आणि अंबिकाताई लहान मुलीसारख्या हसल्या.

"तीनशे पक्के," त्या म्हणाल्या. "आणि लग्नानंतर दुकानातबी ठेवते. मावशी, लग्नाला या बरं का दोघीबी."

परतीच्या बसमध्ये पंचफुला खिडकीशी बसली होती. फळी तिनं मांडीवर उभी धरली होती. मनिषानं वीरण्णाला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. पलीकडून तो इतक्या जोरात "शाब्बास!" म्हणाला की पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून पाहिलं.

पंचफुलानं फोन मागून घेतला. "वीरण्णाभाऊ, मी सासू बोलतेय. ह्या फळीला पाय लावा. तीनशे वड्या वाकून करायच्या म्हंजे कंबर जाईल माझी. आणि बाजूची पट्टी जरा आत घ्या, वडी हालतीय."

"अजून काय?" वीरण्णानं विचारलं.

"थांबा," पंचफुला म्हणाली, आणि फळी उलटीपालटी करून बघू लागली.